खिशांतलें यंत्र आणि १९०९ सालचे दोन इशारे

वाङ्मयाच्या इतिहासांत कधीं कधीं असा योग येतो कीं, एकमेकांचें कांहींहि न वाचलेले दोन लेखक एकाच वेळीं एकाच प्रश्नाकडे वळतात, आणि दोघांच्या स्वभावांत जमीनअस्मानाचें अंतर असूनहि त्यांच्या म्हणण्याचा रोख एकाच दिशेला असतो. १९०९ सालचा नोव्हेंबर हा असा योगाचा महिना होय. त्या महिन्यांत 'ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू' या इंग्रजी नियतकालिकांत ई. एम्. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली; आणि त्याच महिन्यांत, १३ ते २२ या तारखांच्या दरम्यान, लंडनहून दक्षिण आफ्रिकेस चाललेल्या 'किल्डोनन कॅसल' या आगबोटीवर गांधीजींनीं 'हिंद स्वराज्य' हें छोटेखानी पुस्तक गुजराथींत लिहून काढलें. उजवा हात दुखूं लागला तेव्हां त्यांनीं कांहीं पानें डाव्या हातानें लिहिलीं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. एकाची कृति कल्पित कथा, दुसऱ्याची संवादरूप विचारपुस्तिका. एकाला कलेची चाड, दुसऱ्याला स्वराज्याची. परंतु दोघांना पडलेला प्रश्न एकच : माणसानें आपल्या सोयीसाठीं निर्माण केलेलें यंत्र शेवटीं माणसाचेंच काय करून ठेवील?

या प्रश्नाची उठाठेव आज पुन्हां कां, हें सांगणें अवश्य आहे. यंदा बी. ए. च्या वर्गास फॉर्स्टरची ही कथा शिकविण्याचा प्रसंग आमच्यावर आला. विद्यार्थिदशेंत आम्हीं ती प्रथम वाचली, तेव्हां एक चतुर कल्पनाविलास एवढीच तिची किंमत करून ती बाजूस ठेविली होती. यंदा तयारीसाठीं ती पुन्हां उघडली, आणि दहाबारा पानें वाचून होण्यापूर्वीं सदऱ्याच्या खिशांतील मोबाईलकडे आमचा हात चार वेळां गेला. पैकीं दोनदां तो वाजलाहि नव्हता! रोगाचें वर्णन वाचतां वाचतां तो रोग आपल्यालाच जडला आहे हें ध्यानीं यावें, तशी आमची गत झाली.

नव्या यंत्रांचे गोडवे गाणें आणि त्यांच्या नांवानें बोटें मोडणें, या दोन्ही गोष्टी सध्यां फार स्वस्त झाल्या आहेत. घरोघरीं सकाळीं पहिला प्रकार चालतो व रात्रीं जेवतांना दुसरा. आमचा हेतु याहून मर्यादित आहे. या दोन जुन्या कृतींचें माप आजच्या नित्याच्या यंत्रास लावून पाहावें, आणि आजच्या अनुभवानें त्या कृतींचीहि परीक्षा करावी, इतकेंच आम्हीं येथें योजिलें आहे.

(१)

फॉर्स्टरची कथा थोडक्यांत अशी. भविष्यकाळीं मनुष्यजात पृथ्वीच्या पोटांत राहावयास गेली आहे. मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी खोल्या, आणि प्रत्येक खोलींत एकच माणूस. एक कळ दाबली कीं उजेड, दुसरी दाबली कीं अन्न, तिसरी दाबली कीं संगीत, चौथी दाबली कीं असंख्य परिचितांशीं संभाषण. हा सारा कारभार एक विराट् यंत्र चालवितें. वाश्ती नांवाची एक विदुषी अशा खोलींत बसून संगीताच्या इतिहासावर दहा-दहा मिनिटांचीं व्याख्यानें देते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला तिचा मुलगा कुनो राहतो. निळसर प्रकाशाच्या एका वाटोळ्या तबकडींतून तो आईशीं बोलतो आणि एकच हट्ट धरतो, कीं यंत्राच्या मध्यस्थीवांचून तिनें आपल्याला समक्ष येऊन भेटावें. आईला हें मागणें चमत्कारिक, किंबहुना असभ्य वाटतें. मुलाच्या मतें तबकडींत दिसतें तें आईचें प्रतिबिंब, आई नव्हे.

शेवटीं ती हवाई जहाजानें निघते. वाटेंत खालीं हिमालय येतो, पुढें काकेशस व ग्रीस येतात. पण त्या दृश्यांत तिला एकहि 'विचार' सांपडत नाहीं, म्हणून ती खिडकी झांकून घेते. तोल जाऊन ती पडत असतां जहाजावरील सेविका तिला सांवरते, तर तिला कृतज्ञतेऐवजीं संताप येतो. कारण माणसानें माणसास स्पर्श करण्याची चाल त्या जगांतून केव्हांच उठून गेलेली आहे. पुढें लोक यंत्राची पूजा करूं लागतात. मग यंत्र बिघडूं लागतें. संगीतांत खरखर येते, फळांस बुरशी येते. लोक प्रथम कुरकुरतात, नंतर त्या बिघाडाचीहि संवय करून घेतात. एके दिवशीं यंत्र थांबतें, आणि त्याच्याबरोबर ती सारी संस्कृति संपते. मरतांना मात्र मायलेंकरें एकमेकांस प्रत्यक्ष भेटतात.

दूरदर्शन, व्हिडिओ कॉल, घरबसल्या व्याख्यानें या साऱ्यांची चाहूल फॉर्स्टरला त्या काळीं लागली, म्हणून अलीकडे या कथेचें फार कौतुक होतें. आमच्या मतें हें कौतुक अस्थानीं आहे. भाकीत खरें ठरलें म्हणून कथा थोर ठरविणें हा ज्योतिषाचा निकष झाला, वाङ्मयाचा नव्हे. कथेचें खरें बळ वाश्तीच्या चित्रणांत आहे. ती दुष्ट नाहीं, आळशी नाहीं, मूर्ख तर नाहींच. ती सुशिक्षित आहे, कामसू आहे, आपल्या परीनें मुलावर मायाहि करते. यंत्रानें तिला मारून मुटकून दासी केलेलें नाहीं. एकेक सोय देऊन तिची एकेक गरज हळूच काढून घेतली आहे. प्रत्यक्ष पाहण्याची गरज गेली, चालण्याची गेली, वाट पाहण्याची गेली, आणि शेवटीं मुलाला जवळ घेण्याची गरजहि गेली. ऱ्हास हा आक्रमण करून येत नाहीं, तो शिष्टाचार होऊन येतो, हें जें या कथेचें मर्म तें आजहि झोंबतें. कथेंतील एक व्याख्याता तर प्रत्यक्ष अनुभवांतून आलेल्या विचारांपासून सावध राहण्याचा उपदेश करितो. दहा जणांच्या तोंडून गाळून आलेला विचार त्याला अधिक शुद्ध वाटतो! हें वाचून वर्गांत हंशा पिकला. आमचें हंसूं मात्र ओठांतच राहिलें; त्याचें कारण पुढें येईलच.

कथेंत दोष नाहींत असें नाहीं. एच. जी. वेल्स यांनीं रंगविलेल्या यांत्रिक स्वर्गास उत्तर म्हणून आपण ती लिहिली असें फॉर्स्टरनींच पुढें सांगितलें आहे, आणि ती उत्तरादाखल लिहिल्याचें जागोजाग जाणवतें. कुनो हा हाडामांसाचा तरुण न वाटतां लेखकाचा वकील वाटतो. शेवट तर घाईनें उरकलेला आहे. हेच फॉर्स्टर पुढें १९२१ सालीं देवास थोरली पाती या मराठा संस्थानांत महाराजांचे खासगी चिटणीस होते, आणि १९२४ सालच्या 'ए पॅसेज टु इंडिया'मध्यें माणसामाणसांतील दुरावा त्यांनीं कोणत्याहि यंत्राच्या मदतीवांचून दाखविला. त्या कादंबरीचें गांभीर्य या कथेला नाहीं. तथापि, सर्वांत मोठा दोष निराळाच आहे आणि तो आज आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. त्याचा विचार शेवटीं करूं.

(२)

'हिंद स्वराज्य'चा घाट अगदींच वेगळा. वाचक प्रश्न विचारतो आणि संपादक उत्तर देतो. आगगाडी, वकील, डॉक्टर हीं जीं आधुनिक सुधारणेचीं मानचिन्हें, त्यांनाच गांधीजी हिंदुस्थानच्या दुर्बलतेचीं कारणें ठरवितात. आगगाडीनें प्लेग पसरला. आगगाडीमुळें धान्य महाग बाजाराकडे धांवलें आणि दुष्काळ वाढले. पूर्वीं श्रद्धावंत तेवढेच कष्टानें यात्रेस जात, आतां लुच्चेहि पोंचतात. हा युक्तिवाद तर्काच्या कसोटीस पुरता उतरत नाहीं. दुष्काळांतहि धान्य बाहेर जात होतें हें खरें. पण तेंच धान्य दुष्काळी मुलुखांत आणण्याचें साधनहि आगगाडीच होतें. दोष रुळांचा नव्हता, रुळांवरून काय व कोणासाठीं न्यावयाचें हें ठरविणाऱ्या सत्तेचा होता. आणि याच आगगाडीच्या तिसऱ्या वर्गांत बसून गांधीजींनीं पुढें सारा देश पालथा घातला.

१९१२ सालीं नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले असतां त्यांनीं या पुस्तकाचें भाषांतर पाहिलें. तें त्यांना इतकें कच्चें व घाईघाईचें वाटलें कीं, हिंदुस्थानांत एक वर्ष काढल्यावर गांधी स्वतःच तें नष्ट करतील, असें भाकीत त्यांनीं केलें. फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापन केलेल्या त्या विवेकी पुरुषाचें हें मत आम्हां पुणेकर प्राध्यापकांस अर्थातच जवळचें वाटतें. पण भाकीत खोटें ठरलें. गांधीजींनीं पुस्तक नष्ट केलें नाहीं. त्याचा अर्थ मात्र ते उत्तरोत्तर नेमका करीत गेले. १९२४ सालीं झालेल्या एका संभाषणांत त्यांनीं स्पष्ट केलें कीं, आपला विरोध यंत्रास नसून यंत्राच्या वेडास आहे. आणि शिवणाचें सिंगर यंत्र हा त्यांनीं अपवाद म्हणून काढून दाखविला, कारण त्याच्या मुळाशीं बायकोचे कष्ट पाहून हळहळलेल्या माणसाचें प्रेम आहे, असें ते मानीत. १९२९ सालीं तर सुधारलेल्या चरख्यासाठीं अखिल भारत चरखा संघानें एक लाख रुपयांचें बक्षीस लाविलें. यंत्राचा आंधळा द्वेष्टा असें करीत नाहीं.

म्हणून 'हिंद स्वराज्य'चें मूल्य आगगाडीवरील कोट्यांत शोधूं नये. तें एका प्रश्नांत आहे : वासनेला जेवढें द्यावें तेवढी ती आणखी मागते, मग जें साधन तिला क्षणोक्षणीं आणि विनासायास खाद्य पुरवितें, त्याच्या हातांत माणसाचें स्वराज्य, म्हणजे स्वतःवरचें राज्य, कितपत सुरक्षित राहील? पुस्तकांतील वाचक मोठा हुशार आहे. तो विचारतो कीं, तुमचें हें म्हणणेंहि छापूनच लोकांपर्यंत जाणार, मग छापखाना हें यंत्र नव्हे काय? गांधीजी त्यावर विषानें विष मारण्याची उपमा देतात. उत्तर चटपटीत आहे, पण अपुरें आहे. छापखाना सर्वथा विष नव्हे, हें त्या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे.

आमच्याकडील इतिहासहि हेंच सांगतो. गणपत कृष्णाजींनीं मुंबईंत शिळाप्रेसवर १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें, तेव्हां छापील कागद हातीं धरण्यासहि सोंवळे लोक कचरत; शाईंत चरबी असते असा त्यांचा समज होता, आणि तो दूर करण्यासाठीं तुपाची शाई वापरल्याचें सांगतात. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होईल, असें वाटून आमच्या शेतकऱ्यांनीं किर्लोस्करांचे पहिले नांगर घेण्यास किती आढेवेढे घेतले, तेंहि सर्वश्रुत आहे. पुढें त्याच नांगरांच्या कारखान्यांतून १९२० सालीं एक मासिक निघालें आणि त्यानें मध्यमवर्गीय मराठी घरांत नवे विचार नेले. यंत्र व वाङ्मय यांचें वैर महाराष्ट्रानें कधीं मानलें नाहीं. तेव्हां खिशांतलें यंत्र दिसतांच कपाळाला आठ्या घालणें हें निदान आम्हांला तरी शोभणार नाहीं.

(३)

आतां घरचा जमाखर्च मांडूं. जमेची बाजू अगोदर.

१९२० सालच्या गोष्टी सोडून १०० वर्षें पुढें येऊं. २०२० सालीं मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली. त्या दिवसांत आमच्या मातोश्रींच्या धाकट्या भगिनी बेळगांवीं अत्यवस्थ झाल्या. पुण्याहून निघणें अशक्य. आमच्या मावसभावानें रात्रीं फोन लाविला, आणि त्या तळहाताएवढ्या काचेंत दोघी बहिणींनीं एकमेकींस शेवटचें पाहिलें. मावशींना बोलवत नव्हतें. मातोश्रींनीं काचेवरून हात फिरविला आणि "तायडी आलीये गं," एवढेंच म्हटलें. कुनो म्हणतो तें खरें, काचेंत दिसली ती बहीण नव्हती. पण फॉर्स्टरनें एका वेळेचा विचार केलेला नाहीं. निवड जेव्हां तबकडी कीं भेट अशी नसून तबकडी कीं कांहींच नाहीं अशी असते, त्या वेळीं तबकडीला हिणविण्याचा अधिकार सुखवस्तु माणसालाच असतो.

दुसरी नोंद आमच्या वर्गांतील. कथा शिकवून झाली आणि यंत्राच्या विनाशावर आम्हीं दोन शब्द जरा रंगवून बोललों. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागें राहिला. तो जन्मांध आहे. तो म्हणाला, "सर, ही कथा मीं फोनकडून वाचवून घेतली. आमच्या गांवांत ब्रेलचें एकहि पुस्तक नव्हतें. यंत्र थांबलेलें तुम्हांला बरें वाटेल, पण मग माझें काय?" त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा नव्हता, नुसती विचारणा होती. आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. "पुढच्या तासाला बोलूं," असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे खरें पाहतां त्या उत्तराची तयारीच आहे.

बाकीच्या नोंदी सर्वांच्याच घरच्या आहेत. २०१६ सालीं यूपीआय सुरू झालें, आणि २०२५ सालच्या एकट्या ऑगस्ट महिन्यांत त्याच्या द्वारें २,००० कोटींवर व्यवहार झाले. मंडईंतील भाजीवाली आतां सुट्या पैशांपायीं कोणाशीं हुज्जत घालीत नाहीं. १९९१ सालीं युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला स्थान मिळालें. त्याचें फळ असें कीं, मराठी अक्षर आज कोणत्याहि फोनवर उमटतें. मराठी विश्वकोशाचे २० खंड, जे ठेवावयास आमच्या पिढीला कपाट लागे, ते आज खेड्यांतील मुलास फुकट वाचावयास मिळतात. ज्ञानाची इतकी मोठी दानशाळा कोणा राजानेंहि उघडली नव्हती.

(४)

आतां खर्चाची बाजू.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही स्वारगेटच्या बसस्थानकावर उतरलों तों फोनची बॅटरी संपलेली. एका रिक्षावाल्यानें भलेपणानें आपला फोन पुढें केला. तो हातीं घेतल्यावर लक्षांत आलें कीं, सत्तावीस वर्षांच्या सहधर्मचारिणीचा नंबर आम्हांस पाठ नाहीं. लहानपणचा शेजाऱ्यांचा सहा आंकडी नंबर मात्र चटकन् आठवला! रिक्षावाला हंसला, आम्हीहि हंसलों. परंतु घरीं येईपर्यंत तें हंसूं टिकलें नाहीं. स्मृतीचें ओझें आम्हीं उतरून ठेविलें असें वाटत होतें. वास्तविक तें परक्याकडे गहाण पडलें होतें.

दुसरी गोष्ट हंसण्यासारखी नाहीं. आमच्या शेजारीं एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. करडी शिस्त आणि निष्कलंक चारित्र्य यांबद्दल त्यांचा लौकिक. गेल्या वर्षीं त्यांना एक फोन आला. पडद्यावर पोलिसी गणवेषांतला माणूस. तुमच्या नांवावर गुन्हा आहे, तुम्ही अटकेंत आहां, फोनसमोरून हलूं नका, कोणाशीं बोलूं नका. गुरुजी दोन दिवस त्या काचेसमोर बसून राहिले. शेजारच्या खोलींत बायको होती, भिंतीपलीकडे आम्ही होतों. आयुष्यभराच्या पुंजींतील मोठा भाग गेला, तेव्हां हांक ऐकूं आली. असली 'डिजिटल अटक' कायद्यांत मुळींच नाहीं, असें खुद्द पंतप्रधानांनीं ऑक्टोबर २०२४ मध्यें आकाशवाणीवरून सांगितलें होतें. पण घाबरलेल्या माणसाला ऐकलेलें आठवत नाहीं. लोक म्हणाले, गुरुजी भोळे. आम्हांस तें पटत नाहीं. रक्तामांसाचा तोतया दारांत उभा राहता, तर गुरुजींनीं त्याला अर्ध्या मिनिटांत ओळखलें असतें. काचेंतून आलेल्या आज्ञेला मात्र त्यांनीं आव्हान दिलें नाहीं. कारण बँक, वीजबिल, निवृत्तिवेतन, दवाखाना, सारें खरें जग गेल्या दहा वर्षांत त्याच काचेंतून त्यांच्याशीं बोलत आलें होतें. भामट्यानें फक्त त्या संवयीचा फायदा घेतला. फॉर्स्टरचे लोक यंत्रापुढें गुडघे टेकतात, हें आम्हांस पूर्वीं अतिशयोक्त वाटे. गुरुजींकडे पाहिल्यापासून वाटत नाहीं.

तिसरी नोंद आमच्या व्यवसायाची आहे, आणि वर्गांतील हंशाच्या वेळीं आम्ही मुकाट राहिलों त्याचें कारणहि हेंच. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी अवतरलें, आणि तेव्हांपासून आमच्याकडे येणारे निबंध एकाएकीं शुद्ध झाले. शुद्ध, गोळीबंद, आणि एकासारखा एक. कादंबरी न वाचतां तिचा सारांश मिळतो, सारांश न वाचतां त्यावरचें मत मिळतें. दहा तोंडांतून गाळून आलेला विचार अधिक शुद्ध मानणारा तो व्याख्याता आतां कल्पित राहिलेला नाहीं. मुलांना काय बोल लावावा? मराठी पुस्तकांवर आम्हीं वाचलेले कित्येक अभिप्राय पुस्तकाच्या मलपृष्ठापलीकडे गेलेले नसत, आणि तो काळ तर यंत्राचाहि नव्हता. आळस जुनाच आहे; यंत्रानें त्याला विद्वत्तेचा पोशाख शिवून दिला.

(५)

जमा व खर्च दोन्ही बाजू अशा भरभक्कम असतां निकाल कसा करावा? आमच्या मतें येथें दोन्ही ग्रंथकार एकाच ठिकाणीं अपुरे पडतात. फॉर्स्टरच्या यंत्राला मालक नाहीं. तें चालवणारी एक समिति आहे, पण त्यांत कोणाचा नफा नाहीं, कोणाचा स्वार्थ नाहीं. गांधीजींनीं १९२४ सालीं मूठभरांच्या लोभाकडे बोट दाखविलें हें खरें. तथापि १९०९ सालच्या पुस्तकांत त्यांचा भर माणसाच्या आत्मसंयमावरच आहे. आजच्या यंत्राला मालक आहे. आपलें लक्ष हाच त्याचा माल आहे, आणि तो जाहिरातदारास विकला जातो. आपण फोन खालीं ठेवूं नये, म्हणून रात्रंदिवस खपणारीं बुद्धिमान् माणसें पगारानें ठेविलेलीं आहेत. एका बाजूला तीं, आणि दुसऱ्या बाजूला एकटा दहा वर्षांचा मुलगा. या झुंजींत नुसत्या संयमाचा उपदेश करणें म्हणजे पुरांत उभ्या केलेल्या माणसाला पोहण्याचे फायदे सांगणें होय. तेथें समाजानें व कायद्यानें बांध घातला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ऑस्ट्रेलियानें तर १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांचीं खातीं वापरण्यास डिसेंबर २०२५ पासून मनाई केली. या उपायांचें यशापयश कालांतरानें ठरेल; पण जबाबदारी एकट्या घराची नव्हे, एवढें त्यांनीं मान्य केलें आहे.

फॉर्स्टरला भीति होती यंत्र थांबण्याची. आपली अडचण उलटी आहे : आपलें यंत्र थांबतच नाहीं.

तथापि कायदा होईपर्यंत, आणि झाल्यावरहि, घरांत व वर्गांत उपयोगी पडेल असें कांहीं माप हवें. दोन्ही ग्रंथांच्या मंथनांतून आम्हांस तीन प्रश्न हातीं लागले आहेत.

पहिला : हें यंत्र आपले कष्ट वाचवितें, कीं आपला निर्णयच करून टाकतें? शिवणाचें यंत्र टांके घालतें, पण झबलें कोणासाठीं शिवावयाचें हें आईच ठरविते. पुढचा व्हिडिओ कोणता पाहावा हें जें यंत्र ठरवितें, त्याची जात वेगळी.

दुसरा : तें बाजूस ठेवण्याचें स्वातंत्र्य आपल्याजवळ उरलें आहे काय? मजुरी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्याचा ठसा यंत्राला जुळला नाहीं, म्हणून त्याचें रेशन अडावें, ही यंत्राची चूक नव्हे. दुसरा मार्ग न ठेवणाऱ्या व्यवस्थेची चूक होय. ज्या सोयीला पर्याय उरत नाहीं, ती सोय राहत नाहीं, सक्ति होते.

तिसरा, आणि आमच्या दृष्टीनें मुख्य : हें यंत्र मूळ वस्तूकडे नेतें, कीं मूळ वस्तूची जागा बळकावतें? अंध विद्यार्थ्याचा फोन त्याला पुस्तकापर्यंत नेतो. आळशी विद्यार्थ्याचा तोच फोन पुस्तकाच्या आड उभा राहतो. मातोश्रींच्या हातांतला फोन बहिणीकडे नेणारा होता. एकाच दिवाणखान्यांत बसून आम्ही चौघे जे चार फोन पाहत असतों, ते एकमेकांच्या जागीं आलेले असतात. यंत्र एकच, पण निकाल चार. म्हणून 'मोबाईल चांगला कीं वाईट' हा प्रश्नच चुकीचा आहे. निवाडा वस्तूचा करावयाचा नसून प्रत्येक उपयोगाचा करावयाचा असतो, आणि तो रोज करावा लागतो. हें कंटाळवाणें आहे खरें. पण हा कंटाळा यंत्रावर सोंपविला, तर आपण वाश्तीच्या खोलींत राहावयास गेलोंच म्हणून समजावें.

पुढच्या तासाला आम्हीं त्या विद्यार्थ्याला सर्वांदेखत सांगितलें कीं, त्याचा आक्षेप बरोबर होता आणि आमचें वक्तृत्व चुकलें होतें. त्याचें यंत्र थांबूं नये, आमचें मात्र अधूनमधून थांबावें. तो हंसला. मग म्हणाला, "सर, फोन सगळं एकाच आवाजांत वाचतो. शेवटचें पान तुम्ही वाचून दाखवाल?" आम्हीं तें वाचलें. वाचनास वीसेक मिनिटें लागलीं. तेवढ्या वेळांत वर्गांतील एकाहि मुलाचा, आणि सांगावयास हरकत नाहीं, आमचाहि हात खिशाकडे गेला नाहीं. १९०९ सालच्या त्या दोन्ही इशाऱ्यांचा आजच्या घराला कांहीं उपयोग असेल, तर तो अशीं वीस मिनिटें रोज राखून ठेवण्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.